सोन्याचा मुलामा आणि आडनावाची वेलांटी

नाशिकच्या सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे उतरणाऱ्या एका अरुंद बोळात, पितळी समयांचे एक आणि स्टीलच्या पिंपांचे एक अशा दोन दुकानांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखे, पदके, ढाली व करंडक करून देणारे एक जुने दुकान आहे. फलकावर दुकानाचे नाव नाही. ‘पदके, ढाली, करंडक, नावे कोरून मिळतील’ एवढेच निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असून आजूबाजूचे दुकानदारही ‘ढालवाल्यांकडे जा’ यापलीकडे त्याला नाव देत नाहीत. गेली दोन वर्षे आमच्या महाविद्यालयातील गुणवंत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्यावयाची पदके मी तेथून करून घेतो. नाशकात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (1989) आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (1998) अशा दोन विद्यापीठांची मुख्यालये आहेत आणि पदव्युत्तर वर्ग चालवणारी महाविद्यालयेही बरीच आहेत. त्यामुळे पदके कोठे करून घ्यावीत हा प्रश्न दरवर्षी कोणा ना कोणाला पडत असणारच. त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर माजी विद्यार्थी मंडळाने पारितोषिकांचे काम माझ्या गळ्यात घातले. आमचे महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे विद्यापीठाची पदके पुण्याच्या पदवीप्रदान समारंभात मिळतात आणि त्यांच्याशी आमचा संबंध नाही. आम्ही देतो ती महाविद्यालयाच्या पातळीवरची नऊ पदके आणि एक फिरती ढाल. पाच पदके निरनिराळ्या विषयांच्या एम.ए., एम.एस्सी. व एम.कॉम. परीक्षांत प्रथम येणाऱ्यांना, दोन उत्तम प्रबंधिकेसाठी, एक पीएच.डी. करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला आणि एक नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करणाऱ्याला दिले जाते. हे शेवटचे पदक मला व्यक्तिशः सर्वांत मोलाचे वाटते. सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी साडेसातच्या तासाला हजर राहणारी मुले मी हजेरीपटावर पाहिलेली आहेत, आणि श्रेयांकांच्या सरासरीत ती कोठेच दिसत नाहीत.

पूर्वी हे काम आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी देत होतो. त्या दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण चुकीत माझाही वाटा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पाठवलेला नमुना मी रात्री साडेदहा वाजता मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, दिसायला छान वाटला, आणि ‘मंजूर’ असे कळवून झोपलो. समारंभाच्या दिवशी पेट्या उघडल्या तेव्हा नऊच्या नऊ पदकांवर ‘उत्कृष्ठ पदव्युत्तर विद्यार्थी’ असे ठसठशीत उठलेले होते. ‘उत्कृष्ट’ शब्दातील ‘ट’ला पोट फुटून त्याचा ‘ठ’ झाला होता आणि हा मजकूर डायमध्येच, म्हणजे ज्याने पदक ठोकून उठवतात त्या पोलादी ठशातच, कोरलेला असल्यामुळे एकही पदक सुटले नव्हते. मराठी विषयात प्रथम आलेल्या मुलीने व्यासपीठावरून खाली उतरल्यावर पदक हातात धरून वाचले आणि काही न बोलता ते पेटीत ठेवले. तिचे ते न बोलणे मला अजून आठवते. पुढच्या वर्षी मी स्वतः फिरून नवे दुकान शोधले, ते हे.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे संख्या, आकार आणि तारीख सांगितली. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत. महाविद्यालयातून आलो म्हटल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे मला ‘भाऊसाहेब’ केले, चहा मागवला आणि दराविषयी चकार शब्द न काढता विचारले, “भाऊसाहेब, आधी एक सांगा, वर ‘सुवर्णपदक’ घालायचंय का नुसतं ‘पदक’?” मी म्हटले, सगळेच सुवर्णपदक म्हणतात. त्यावर ते म्हणाले, “म्हणू द्या की. पण मी बिलावर पितळ लिहिणार आणि तुम्ही पदकावर सुवर्ण लिहिणार, हे पोराला कधीतरी कळतंच. एखादं पोर अडीअडचणीला सराफाकडे घेऊन जातं, मग तो घासून बघतो.”

हा प्रश्न आमच्यासाठी वरवरचा नव्हता. आमच्या नऊ पदकांपैकी एक दाननिधीतून दिले जाते. एका निवृत्त प्राध्यापकांनी नव्वदच्या दशकात पन्नास हजार रुपयांची कायम ठेव महाविद्यालयाच्या नावे ठेवली आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ‘सुवर्णपदक’ द्यावे असे दानपत्रात लिहून ठेवले. त्या काळी बँका दहा टक्क्यांच्या आसपास व्याज देत आणि दहा ग्रॅम सोने पाच हजारांच्या आसपास मिळे, म्हणजे वर्षाच्या व्याजात एक तोळ्याच्या जवळपास जाणारे खरे सोन्याचे पदक बसत होते. ठेव तेवढीच राहिली, व्याजदर उतरला आणि सोने कोठल्या कोठे गेले. आज त्या व्याजात अर्धा ग्रॅम सोनेसुद्धा येत नाही. महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या पारितोषिक निधींची हीच कथा आहे. पदक आधी सोन्याचे होते, मग चांदीचे झाले, मग मुलाम्याचे झाले आणि काही ठिकाणी नुसते प्रमाणपत्र उरले. नाव मात्र दानपत्रातले तेच चालू राहते.

दुकानदारांनी मग वजनकाटा पुढे ओढून मला जो हिशेब समजावला, तो मी घरी येऊन पुन्हा करून पाहिला आणि बरोबर निघाला. पाच सेंटिमीटर व्यासाचे आणि तीन मिलिमीटर जाडीचे पदक शुद्ध सोन्यात केले तर ते 113 ग्रॅमच्या आसपास भरेल, चांदीत 62 ग्रॅमच्या आतबाहेर आणि पितळेत 50 ग्रॅम. याच पदकाला एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका, सोन्याचा थर चढवायचा असेल तर संपूर्ण पदकाला मिळून 85 मिलिग्रॅम सोने लागते. बाजारात ‘फ्लॅश’ म्हणून जो मुलामा मिळतो तो बहुधा पाव मायक्रॉनही नसतो. तो ताजा असताना डोळे दिपवतो आणि हाताच्या घामाने वर्षा-दोन वर्षांत कडेने विटू लागतो. पितळेवर थेट सोने चढवले तर खालचे तांबे हळूहळू वर झिरपते आणि डाग पडतात, म्हणून मध्ये निकेलचा थर द्यावा लागतो. हा थर दिला आहे की नाही हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. येथे तो बिलावर लिहून मिळतो.

मुलाम्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही, हे मी मंडळाच्या बैठकीत सांगितले तेव्हा दोन सदस्यांनी नाके मुरडली. ऑलिंपिकमध्ये घन सोन्याची पदके शेवटची दिली गेली ती 1912 साली स्टॉकहोमला. आताचे ऑलिंपिक सुवर्णपदक मुळात चांदीचे असते आणि त्यावर किमान 6 ग्रॅम सोने असावे असा नियम आहे. नोबेल पदकसुद्धा 1980 पर्यंत 23 कॅरेटचे होते, त्यानंतर ते 18 कॅरेटचे करून वर 24 कॅरेटचा मुलामा देण्यात येऊ लागला. तेव्हा प्रश्न मुलाम्याचा नसून तो उघडपणे सांगण्याचा आहे. शेवटी असे ठरले की दाननिधीचे पदक 925 शुद्धतेच्या, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध असलेल्या, चांदीत, दोन मायक्रॉन मुलाम्याचे करावे, त्यावर दानपत्राचा मान राखून ‘सुवर्णपदक’ लिहावे आणि मागच्या बाजूला कडेने बारीक अक्षरांत ‘चांदी 925, सोन्याचा मुलामा’ असेही कोरावे. व्याजात न बसणारी रक्कम मंडळाने घालावी. उरलेली आठ पितळेची, निकेलवर सोन्याचा मुलामा दिलेली आणि नुसती ‘पदक’ म्हणवणारी. चांदीचे पदक त्यांनी मुलाम्याआधी व नंतर असे दोनदा माझ्यासमोर तोलले आणि दोन्ही वजने बिलावर टाकली. अशी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

पदक घडते कसे, हे मला येथेच प्रथम नीट समजले. स्वस्त पदके जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली असतात. त्यांच्या कडा बोथट आणि अक्षरे फुगीर दिसतात. चांगले पदक पोलादी डायने ठोकून उठवलेले असते. डाय दुकानात तयार होत नाही. ती अंबडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात, यंत्रावर कोरून, नंतर पाणी देऊन कठीण केली जाते, आणि धातूची चकती दाबाखाली धरून तिच्यावर एकापेक्षा अधिक ठोके दिले जातात. मध्ये चकती तापवून मऊ करावी लागते, नाहीतर कड फाटते. खरा खर्च डायचा असतो. आमच्या पहिल्या वर्षी डायची किंमत आठ पितळी पदकांच्या एकत्रित किमतीपेक्षा थोडी अधिकच होती. म्हणून दुकानदारांनीच सुचवले की डायमध्ये फक्त समोरची बाजू घ्यावी, म्हणजे महाविद्यालयाचे बोधचिन्ह आणि ‘पदव्युत्तर गुणवत्ता पदक’ हे न बदलणारे शब्द. वर्ष, विषय आणि नाव यांच्यासाठी मागची बाजू कोरी ठेवावी व तेथे लेझरने लिहावे. अशी डाय पुढे कितीही वर्षे चालते. येथे एक सूचना प्रत्येकाने ध्यानात ठेवावी: डाय कोणाच्या मालकीची हे बिलावर लिहून घ्यावे. जुन्या ठिकाणी आमची डाय तशीच राहिली आणि मागायला गेलो तेव्हा ती ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळाले. अर्थात ती ‘उत्कृष्ठ’वाली डाय सापडून तरी काय करायचे होते म्हणा!

आता ज्या कारणासाठी हे सारे लिहायला बसलो त्याकडे येतो. या दुकानाचे खरे कौशल्य धातूत नसून नावांत आहे.

आमच्याकडे निकालाच्या याद्या इंग्रजीत असतात. इंग्रजीवरून मराठी नाव लिहिणे हे दिसते तितके सोपे नाही, हे परीक्षा विभागात तीस वर्षे बसून मला ठाऊक असायला हवे होते. इंग्रजीत अगदी एकसारखे दिसणारे आडनाव ‘अहेर’ आहे की ‘आहेर’, ‘शिरसाठ’ आहे की ‘शिरसाट’, मुलगी ‘ऋतुजा’ आहे की ‘रुतुजा’, हे तिचे घर सोडून जगात कोणालाही निश्चित सांगता येत नाही. पूर्वी मी अंदाजाने लिहून देत असे आणि बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघे. दुकानदारांची सून संगणकाचे व लेझर यंत्राचे काम पाहते. तिने माझी यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत दिली. “काका, ही तुम्ही लिहिलीय. मला ज्याचं त्याने लिहिलेलं पाहिजे,” एवढेच ती म्हणाली आणि नऊ छापील चिठ्ठ्या माझ्या हातावर ठेवल्या. प्रत्येक चिठ्ठीवर विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात, मराठीत, आपले पूर्ण नाव जसे पदकावर हवे तसे लिहायचे आणि खाली सही करायची. वडिलांचे नाव हवे, आईचे हवे, दोन्ही हवीत की एकही नको, हेही त्यानेच ठरवायचे. मला सुरुवातीला हा उपद्व्याप वाटला. चिठ्ठ्या भरून आल्या तेव्हा नऊपैकी तीन नावे माझ्या यादीहून वेगळी होती, आणि त्यांतले एक नाव मी त्या मुलाच्या प्रवेशापासून दोन वर्षे नोंदवहीत चुकीचे लिहीत आलो होतो.

चिठ्ठीवरून यंत्रापर्यंतचा प्रवासही जोखमीचा आहे. देवनागरी जोडाक्षरे अनेक यंत्रांना अजून नीट पचत नाहीत. मोबाइलवरून आलेले नाव तसेच्या तसे चिकटवले तर ‘द्वितीय’मधला ‘द्व’ फुटून पाय मोडलेला ‘द’ आणि सुटा ‘व’ अलग पडतात, ‘गोऱ्हे’ या आडनावातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ उडून रफार होतो आणि ‘गोर्हे’ असे काहीतरी वाचायला मिळते, ‘शृंगार’च्या ‘शृ’ला विनाकारण आणखी एक ‘र’ चिकटून ‘श्रृ’ तयार होतो. ही ताई नाव जुन्या फाँटमध्ये पुन्हा टंकते, जोडाक्षर बसले की अक्षरांचे ‘कर्व्ह’ करते, म्हणजे ती अक्षरे न राहता आकृती बनतात आणि यंत्राला त्यांची मोडतोड करता येत नाही. मग प्रत्येक नावाचे दोन छापील नमुने निघतात, एक पदकाच्या प्रत्यक्ष आकाराचा आणि एक पानभर मोठा. मोठ्या नमुन्यावर ती शेवटच्या अक्षरापासून उलट वाचत येते. सरळ वाचले की डोळे सवयीने चूक झाकून घेतात, उलट वाचले की प्रत्येक वेलांटी स्वतंत्र दिसते, असे तिचे म्हणणे. मोबाइलवर नमुना पाठवण्यास ती साफ नकार देते. दुकानात येऊन, कागदावर, पेनाने सही केल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. माझ्यासारख्या रात्री साडेदहाला ‘मंजूर’ म्हणणाऱ्यांसाठी हा नियम योग्यच आहे.

दुसऱ्या वर्षी प्रमाणपत्रांचा मजकूरही मी त्यांच्याकडेच दिला होता. त्यात मी ‘विशेष प्राविण्य’ असे लिहिले होते. ताईने पेन्सिलीने त्या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारले, “काका, यात ‘वी’ दीर्घ हवा ना?” मी आत्मविश्वासाने नाही म्हणालो. घरी जाऊन शब्दकोश उघडला. ‘प्रवीण’वरून ‘प्रावीण्य’. माझ्या हाताखालून वर्षानुवर्षे गेलेली ‘प्राविण्य’ची प्रमाणपत्रे डोळ्यांसमोर आली आणि त्यांची संख्या न मोजणेच बरे असे ठरवून मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने दुरुस्तीवर सही केली.

फिरत्या ढालीचे प्रकरण याहून निराळे. आमची ढाल शिसवी लाकडाची, मध्ये चांदीचा पत्रा आणि भोवती चांदीच्याच छोट्या पट्ट्या अशी आहे. दरवर्षी सर्वोत्तम पदव्युत्तर विद्यार्थ्याचे नाव एका पट्टीवर कोरले जाते. चाळीसहून अधिक वर्षांत पट्ट्या संपल्या. बरेच दुकानदार अशा वेळी नवी ढाल घेण्याचा सल्ला देतात आणि जुनी काचेच्या कपाटात जाऊन बसते. येथे दुकानदारांनी ढाल उलटसुलट करून पाहिली, मागच्या फळीला भुंग्याने पाडलेली दोन छिद्रे दाखवली, आणि बाहेरून आणखी एक वेढा बसवता येईल असे सांगितले. जुन्या पट्ट्या लेझरने लिहिलेल्या नव्हत्या. हाताने कोरलेल्या अक्षरांचा उतार आणि खोली प्रत्येक पट्टीवर किंचित वेगळी असते, आणि लेझरचे सपाट करडे अक्षर त्यांच्या शेजारी उपऱ्यासारखे दिसले असते. म्हणून नव्या पट्ट्याही हातानेच कोरायच्या असे ठरले.

हे काम करणारे कारागीर आठवड्यातून दोन दिवस दुकानाच्या माळ्यावर येऊन बसतात. मला वर जाऊन पाहायला मिळाले. त्यांनी पट्टी लाकडी ठोकळ्यावर राळेत बसवली होती, म्हणजे ती हलत नाही. पट्टीवर खडूची भुकटी चोळून सुईने आधी शिरोरेषा आखली. आपण लिहिताना शिरोरेषा शेवटी देतो, ते ती सर्वांत आधी देतात, कारण पुढे सगळी अक्षरे तिलाच टांगायची असतात. मग कलम तळहाताच्या खळग्यात धरून पुढे रेटायचे. उजवा हात कलम ढकलतो, पण वळण घेताना डावा हात ठोकळा फिरवतो, आणि ‘ळ’च्या दोन गाठी अशा एका ठोकळ्याच्या फिरण्यातून निघतात. कलमाच्या टोकापुढे चांदीची केसासारखी कुरळी कात्रण वर येत होती. ती ते फुंकरीने न उडवता बोटाने टिपून डबीत टाकत होते. खालून तांबट मंडळींच्या हातोड्यांचा ठोका येत होता आणि त्या तालावर यांचे कलम चालते की काय, असे मला उगाच वाटून गेले. एक नाव कोरायला त्यांना वीस-पंचवीस मिनिटे लागली. चूक झाली तर काय करता, असे मी विचारले. “पट्टी माझी, भरून मी देतो,” असे ते म्हणाले, आणि पुन्हा खाली पाहू लागले.

इतके सांगून झाल्यावर उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. दोन्ही वर्षी माल ठरलेल्या तारखेला मिळाला नाही. पहिल्या वर्षी एक दिवस, दुसऱ्या वर्षी दोन दिवस उशीर झाला, आणि दुसऱ्या वेळी समारंभाच्या आदल्या संध्याकाळी पेट्या हाती आल्या तोवर माझा रक्तदाब काय झाला असेल हे सांगत नाही. विलंबाचे कारण प्रत्येक वेळी मुलामा बाहेरून करून येतो हेच होते, आणि ते गिऱ्हाइकाला आधी सांगितले जात नाही. पदकांच्या पेट्या अगदी सामान्य आहेत. निळ्या मखमलीचे तंतू पदकाला चिकटतात, बिजागऱ्या नाजूक असून नऊपैकी एक पेटी पहिल्याच आठवड्यात उघडी पडली. रिबिनीची टोके शिवलेली नसून मेणबत्तीवर जाळून बंद केलेली असतात, ती गळ्याला टोचतात. इतक्या निगुतीने नाव कोरणाऱ्या दुकानाने पेटीत असा हात आखडता का घ्यावा, हे मला कळलेले नाही. आता पेट्या आणि रिबिनी मी मेन रोडवरून वेगळ्या घेतो.

पहिल्या वर्षीच्या दोन पितळी पदकांच्या कडा वर्षभरात काळवंडल्या. तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानदारांनी बिल काढून दाखवले: खर्च वाचवण्यासाठी मीच अर्धा मायक्रॉन मुलामा निवडला होता. ते खरे होते. त्यांनी दोन्ही पदके पुन्हा मुलामा देऊन परत केली आणि मजुरी तेवढी घेतली. दुसऱ्या वर्षी एक मायक्रॉनचा थर घेतला. तो अद्याप जसाच्या तसा आहे.

दर्शनी कपाटात ॲक्रिलिकची, काचेची आणि संगमरवरासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या बैठकीची तयार सन्मानचिन्हेही मांडलेली आहेत. ती घेण्यासाठी मुद्दाम येथवर येऊ नये. तसाच माल शहरात कोठेही मिळतो आणि त्यात या दुकानाचे स्वतःचे असे काही नाही. ज्यांना शंभर-दीडशे सहभागी स्पर्धकांना वाटायला स्वस्त पदके हवी आहेत त्यांचाही येथे निभाव लागणार नाही; मालक त्यांना स्वतःच दुसरीकडे पाठवतात, कधी कधी जरा तुटकपणे.

किमतीचे आकडे मी येथे देत नाही, कारण सोन्याचांदीचा भाव आज लिहावा तर उद्या खोटा ठरतो. इतकेच सांगतो की डाय एकदा करून झाल्यावर दरवर्षीचा खर्च जुन्या दुकानापेक्षा थोडासाच अधिक येतो, आणि तो फरक जवळजवळ सगळा मुलाम्याच्या जाडीचा आहे. मजकूर तपासण्याचे व नमुने काढण्याचे ते वेगळे पैसे लावत नाहीत. पैसे रोख किंवा मोबाइलवरून. कार्ड चालत नाही. महाविद्यालयाच्या लेखा विभागाला लागते तसे पक्के बिल मात्र न मागता मिळते, आणि त्यात धातू, वजन, थर, डायची मालकी असे सर्व तपशील असतात.

गाडी घेऊन जाऊ नये. रविवार कारंजापासून पायी गेलेले बरे. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि त्या वेळात फोनही उचलला जात नाही. हातकोरणीचे काम असेल तर कारागीर येण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते सप्टेंबर या काळात, हातात निदान पंधरा दिवस अधिक ठेवून काम द्यावे. गंगापूर धरणातून पाणी सोडले आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले अशी बातमी आली की या भागातले दुकानदार माल वर चढवायला लागतात, आणि एकदा का चढवाचढव सुरू झाली की आठवडाभर कोणतेही काम होत नाही. या दुकानाच्या भिंतीवर 2008 आणि 2019 च्या पुरांच्या रेघा अजून आहेत. 2008 ची माझ्या खांद्याच्या वर येते. म्हणूनच डाय ठेवण्याचा लोखंडी मांडणा जवळजवळ छताला टेकवलेला आहे. प्रत्येक डायला तारेने चिठ्ठी बांधलेली असून आमच्या डायच्या चिठ्ठीवर महाविद्यालयाच्या नावाखाली ताईने लाल शाईने लिहून ठेवले आहे: ‘नावे विद्यार्थ्यांच्याच अक्षरात घेणे. भाऊसाहेबांची यादी चालणार नाही.’